एका ‘एस’चा घोळ

प्रश्न विचारणारीने नुकतीच एका निर्यात कंपनीत पत्रव्यवहाराची नोकरी धरली आहे. परदेशातल्या ग्राहकाला तिने मेल लिहिली, ‘आय हॅड वर्ड्स विथ युवर मॅनेजर यस्टरडे.’ तिला सांगायचं होतं, काल तुमच्या मॅनेजरांशी माझं बोलणं झालं. तासाभरात तिकडून विचारणा आली की आमचा माणूस काही वावगं बोलला का, तसं असेल तर आम्ही दिलगीर आहोत. आता तिला जाणून घ्यायचं आहे की ‘हॅव अ वर्ड’ आणि ‘हॅव वर्ड्स’ यांत असं काय वेगळं आहे. ‘हँड इन हँड’ आणि ‘हँड इन ग्लव्ह’, ‘कीप ॲन आय ऑन’ आणि ‘हॅव युवर आय ऑन’ या जोड्याही अशाच फसव्या आहेत का. आणि हे ओळखायचा काही नियम असतो का.

नियम नसतो. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना त्याची वाट बघत बसायला नको. मी २८ वर्षं इंग्रजी-मराठी भाषांतरं करते आहे, त्यातली पहिली नऊ वर्तमानपत्राच्या डेस्कवर गेली, आणि अजूनही आठवड्यातून एखादा वाक्प्रचार मला तोंडघशी पाडतो. पण नियम नसला तरी खोड ओळखता येते. आपण वाक्प्रचाराचा अर्थ शोधत बसतो आणि तो कुठल्या सुरात म्हटला जातो ते बघायचं विसरतो. जोडीतले दोघं दिसायला भाऊभाऊ असतात, पण एक कौतुक करत असतो आणि दुसरा टोमणा मारत असतो. तिथे गाडी अडते.

तुमच्या ‘वर्ड्स’पासूनच सुरुवात करू. ‘हॅव अ वर्ड विथ समवन’ म्हणजे कोणाशी जरा बोलून घेणं. ‘हॅव वर्ड्स विथ समवन’ म्हणजे खटका उडणं, शब्दाला शब्द लागणं. मराठी माणूस इथे फसतो त्याला कारण आहे. आपल्याकडे ‘शब्द’ एकवचनातही शब्द आणि अनेकवचनातही शब्दच. ‘दोन शब्द बोलले’ म्हटलं की आपल्या मनात निवांत गप्पा येतात. त्यामुळे इंग्रजीतला तो शेवटचा ‘एस’ आपल्या कानाला जाणवतच नाही. एक जास्त शब्द, एवढंच वाटतं.

पण आपली भाषाही हाच खेळ खेळते, आणि तिथे आपण कधी चुकत नाही. ‘जरा डोळा लागला’ म्हणजे झोप लागली. ‘वाटेकडे डोळे लागले’ म्हणजे झोप उडाली. एकवचनाचं अनेकवचन झालं आणि अर्थ पार उलटा झाला. हे आपल्याला कोणी शाळेत शिकवलं नाही. आजी दुपारी म्हणायची ‘आत्ताच डोळा लागला होता गं’, आणि मुंबईहून येणाऱ्या लेकाबद्दल म्हणायची ‘डोळे लागलेत त्याच्याकडे’. बाई, वेळ, सूर, सगळं सकट ते आपल्यात उतरलं. इंग्रजी वाक्प्रचार मात्र आपण वहीच्या दोन रकान्यांत पाठ केले, डावीकडे इंग्रजी, उजवीकडे मराठी, आणि बाई-वेळ-सूर बाहेर राहिले.

‘अ वर्ड’चाही सूर बघा. सहकाऱ्याने ‘कॅन आय हॅव अ वर्ड?’ म्हटलं तर ते ‘जरा बोलायचं होतं’ इतकं साधं. तेच साहेबाने, सगळ्यांसमोर, हळू आवाजात म्हटलं तर ते आपल्या ‘जरा केबिनमध्ये या’सारखं असतं, आणि आजूबाजूचे लोक आपापल्या स्क्रीनकडे बघायला लागतात. वाद अजून झालेला नाही, पण चहापाण्यासाठी बोलावलेलं नाही हे नक्की.

या ‘वर्ड’च्या कुटुंबात आणखी एक जोडी आहे, ती शब्दकोशात शेजारी शेजारी असूनही लोक एकच समजतात. ‘टेक माय वर्ड फॉर इट’ म्हणजे मी सांगते ना, विश्वास ठेव. ‘टेक समवन ॲट देअर वर्ड’ म्हणजे समोरचा जे बोलला ते अक्षरशः खरं धरणं. आपण लग्नात भेटलेल्या लांबच्या नातेवाइकाला निरोप देताना म्हणतो, ‘या एकदा घरी, कधीही या.’ तो पुढच्या शुक्रवारी बॅग घेऊन दारात उभा राहिला, की त्याने आपल्याला ‘ॲट अवर वर्ड’ घेतलं. पहिल्यात बोलणारा स्वतःच्या शब्दाची हमी देतो, दुसऱ्यात ऐकणारा त्याला त्या शब्दात पकडतो. मराठीत ‘शब्द देणे’, ‘शब्द टाकणे’, ‘शब्द पाळणे’, ‘शब्द मोडणे’ आहेत, पण दुसऱ्याचं सौजन्य खरं मानून त्याची पंचाईत करण्याला आपल्याकडे वेगळा वाक्प्रचार नाही. असता तर रोज वापरला असता.

आता डोळ्यांकडे येऊ. येवल्याच्या एखाद्या पैठणीच्या दुकानाची कल्पना करा. गर्दीचा दिवस आहे, गादीवर पंधरा-वीस पैठण्या उलगडून टाकल्या आहेत. दुकानातल्या मुलाला मालक सांगतो, त्या मोरपंखीकडे लक्ष ठेव, कोणी चहाचा कप घेऊन बसेल जवळ. मुलगा त्या पैठणीवर ‘कीप्स ॲन आय ऑन’. समोर बसलेल्या नवऱ्या मुलीच्या ती केव्हाची मनात भरली आहे, दहा दुसऱ्या बघून ती पुन्हा तिकडेच वळते. तिचा त्या पैठणीवर ‘आय ऑन इट’ आहे. आणि तिच्याबरोबर आलेली आत्या हातात न घेता सांगते, हा काठ हातमागाचा नाही. ‘शी हॅज ॲन आय फॉर पैठणीज’, आत्याला पारख आहे. एकच साडी, तीन माणसं. एकाला जबाबदारी, एकीला हाव म्हणा किंवा आस म्हणा, एकीला जाण. आणि दुकानाबाहेर मोटारसायकलला टेकून उभा असलेला नवरा मुलगा, ज्याला पैठणीशी काही देणंघेणं नाही, ‘ही ओन्ली हॅज आइज फॉर हर’. पुन्हा तोच ‘एस’. ‘ॲन आय फॉर’ म्हणजे पारख, ‘ओन्ली आइज फॉर’ म्हणजे तिच्यापुढे दुसरं काही न दिसणं.

मराठीत आणताना इथे खरा खड्डा आहे. माझ्या हाताखाली शिकणाऱ्या एका मुलाने एका गृहनिर्माण संस्थेचं परिपत्रक भाषांतरित केलं होतं. मूळ इंग्रजीत साधी सूचना होती की सुट्टीत बाहेरगावी जाणाऱ्यांनी शेजाऱ्यांना फ्लॅटवर ‘कीप ॲन आय ऑन’ करायला सांगावं. त्याने लिहिलं, ‘शेजाऱ्यांना आपल्या फ्लॅटवर डोळा ठेवण्यास सांगावे.’ इमारत पुनर्विकासाला गेलेली. शेजाऱ्यांचा डोळा आधीच होता, त्यासाठी परिपत्रकाची गरज नव्हती.

मराठीत ‘लक्ष ठेवणे’, ‘नजर ठेवणे’, ‘पाळत ठेवणे’ आणि ‘डोळा ठेवणे’ हे चार वेगवेगळ्या तापमानाचे शब्द आहेत. गॅसवरच्या दुधाकडे लक्ष ठेवतात. उंडारणाऱ्या पोरावर नजर ठेवतात. संशयितावर पोलीस पाळत ठेवतात. दुसऱ्याच्या जमिनीवर डोळा ठेवतात. इंग्रजीतलं ‘कीप ॲन आय ऑन’ दुधापासून संशयितापर्यंत सगळीकडे चालतं, म्हणून भाषांतर करताना आधी बघायचं की समोर दूध आहे का चोर. ‘डोळा ठेवणे’ हे मात्र ‘हॅव युवर आय ऑन’च्या वाटणीचं आहे, तेही त्यातल्या वाईट अर्थाचं. नवऱ्या मुलीच्या पैठणीला ते लावायचं नाही, तिच्या ती ‘डोळ्यात भरली’.

डोळ्यांचीच आणखी एक जोडी घाईत उरकते. ‘टर्न अ ब्लाइंड आय’ आणि ‘टर्न अ डेफ इअर’. पहिली चुकीच्या गोष्टीसाठी, दुसरी विनंतीसाठी. अनधिकृत बांधकामाकडे डोळेझाक होते, रहिवाशांच्या अर्जांना कान बहिरे होतात. पहिल्यात बहुतेक वेळा असं गृहीत असतं की डोळेझाक करणाऱ्याच्या हातात काहीतरी करण्याची सत्ता होती. माझ्यासारख्या बाईने रस्त्यावरच्या कचऱ्याकडे दुर्लक्ष केलं तर ते नुसतं दुर्लक्ष. वॉर्ड ऑफिसरने केलं तर ‘ब्लाइंड आय’. या वाक्प्रचाराशी ब्रिटिश ॲडमिरल नेल्सनची गोष्ट जोडतात. २ एप्रिल १८०१ रोजी कोपनहेगनच्या लढाईत वरिष्ठांनी माघारीचा इशारा दिला, तेव्हा त्याने दुर्बीण आपल्या निकामी डोळ्याला लावली आणि मला इशारा दिसत नाही म्हणाला, अशी ती हकीकत. ती वाचल्यापासून मला आपल्या ‘कानाडोळा’ शब्दाबद्दल शंका येते. आपण तो कान आणि डोळा असा फोडतो, पण ‘काणा’ म्हणजे एका डोळ्याने अधू, आणि ‘काणा डोळा करणे’ ही थेट नेल्सनचीच कृती होते. हे माझं मत, कोणी पटवून घ्यायलाच हवं असं नाही.

‘हँड इन हँड’ आणि ‘हँड इन ग्लव्ह’बद्दल तुमचा अंदाज बरोबर आहे. ‘हँड इन हँड’ म्हणजे दोन गोष्टी बरोबरीने चालणं. गरिबी आणि आजार बरोबर येतात, शिक्षण आणि आत्मविश्वास बरोबर येतो. त्यात चांगलं-वाईट काही नाही. ‘हँड इन ग्लव्ह’ मात्र आपल्याकडच्या इंग्रजी पेपरांत आलं की समजायचं काहीतरी शिजतंय. अधिकारी वाळूमाफियाशी ‘हँड इन ग्लव्ह’ असतो, शिक्षक विद्यार्थ्याशी नसतो. मराठीत त्याला संगनमत म्हणा, साटेलोटे म्हणा. डेस्कवर एकदा एका वार्ताहराने कौतुकाच्या बातमीत ग्रामस्थ आणि कृषी विभाग ‘हातमोज्यातल्या हातासारखे’ काम करत असल्याचं लिहून पाठवलं होतं. त्याने मूळ इंग्रजी प्रेसनोट वाचली होती आणि प्रेसनोट लिहिणाऱ्याने वाक्प्रचारांचं पुस्तक वाचलं होतं. अमेरिकी लिखाणात हा वाक्प्रचार निव्वळ ‘जवळून सहकार्य’ या अर्थीही येतो, म्हणून अमेरिकी मजकूर असेल तर लगेच कोणाला आरोपी करू नका, पुढची दोन वाक्यं वाचा.

हातांवरून आठवलं. ‘वॉश युवर हँड्स ऑफ समथिंग’ म्हणजे या प्रकरणाशी माझा संबंध नाही असं जाहीर करणं. बायबलमध्ये रोमन सुभेदार पिलात येशूला शिक्षा देण्याच्या वेळी लोकांसमोर हात धुतो, तिथून ते आलं. आता मराठीत हात धुण्याचे वाक्प्रचार मोजा. ‘वाहत्या गंगेत हात धुऊन घेणे’ म्हणजे संधी साधून आपला फायदा करून घेणं. ‘हात धुऊन मागे लागणे’ म्हणजे पिच्छा न सोडणं. दोन्ही पिलातच्या बरोबर उलट दिशेला. त्याने हात धुतले आणि तो बाजूला झाला. आपण हात धुतो ते कामाला लागण्यासाठी. तेव्हा ‘मंत्र्यांनी या प्रकरणात हात धुऊन घेतले’ असं भाषांतर केलंत तर उद्या मंत्र्यांचा वकील दारात. तिथे ‘हात झटकले’ हवं, किंवा ‘हात वर केले’. आणि ‘हात वर करणे’ पुन्हा इंग्रजीत नेऊ नका, तिकडे ‘थ्रो अप युवर हँड्स’ म्हणजे हताश होणं, आपल्या ‘हात टेकले’च्या जवळचं.

इथे खरं दुखणं कळतं. इंग्रजीतले दोन वाक्प्रचार एकमेकांसारखे दिसतात म्हणून घोळ होतो, हे अर्धंच खरं. बरेचदा तिसरा एक मराठी वाक्प्रचार मनात दबा धरून बसलेला असतो. ‘पुल समवन्स लेग’ म्हणजे मस्करी करणं. आपण मात्र ‘पाय ओढणे’ ऐकतो, आणि पाय ओढणं म्हणजे वर चढणाऱ्याला खाली खेचणं, त्यात मस्करी काडीची नाही. परदेशी सहकारी हसत म्हणतो, ‘आय वॉज जस्ट पुलिंग युवर लेग’, आणि आपला माणूस घरी येऊन सांगतो, तिकडेही राजकारण आहेच. ‘थम्ब्स अप’चं तसंच. आपल्याकडे अंगठा दाखवणे म्हणजे टांग मारणं, आशा लावून हात हलवत परत पाठवणं. माझी सासू सुरुवातीला व्हॉट्सॲपवरच्या त्या पिवळ्या अंगठ्यावर फार चिडायची. पैसे पाठव म्हटलं तर अंगठा दाखवतो, म्हणायची. पैसे आले होते.

‘शेक अ लेग’ची गंमत वेगळी आहे. इंग्लंड-अमेरिकेत त्याचा अर्थ पाय उचल, लवकर आटप. आपल्याकडच्या सिनेमाच्या पुरवण्यांनी त्याचा अर्थ नाचणे असा करून टाकला आहे. पाहुणा इंग्रज हळदीच्या कार्यक्रमात उशिरा पोचला आणि यजमानांनी हसतमुखाने ‘कम, शेक अ लेग’ म्हटलं, तर त्याला वाटेल उशिराबद्दल बोलणी बसली.

आता जरा बारीक जागा. मराठीत ‘अ’ आणि ‘द’ नाहीत, म्हणून त्यांच्यावर टेकलेला अर्थ आपल्याला दिसत नाही. ‘इन अ फॅमिली वे’ म्हणजे घरच्यासारखं, औपचारिकपणा न करता. ‘इन द फॅमिली वे’ म्हणजे दिवस गेलेले असणं. दोन्ही आता जुने झाले, पण जुन्या व्याकरणाच्या पुस्तकांमुळे आपल्याकडे अजून कानावर येतात, आणि ‘प्लीज कम इन द फॅमिली वे’ असं आग्रहाने सांगणारे काका मी प्रत्यक्ष ऐकले आहेत. ‘फॉर गुड’ म्हणजे कायमचं. ‘फॉर द गुड ऑफ’ म्हणजे भल्यासाठी. ‘ही लेफ्ट इंडिया फॉर गुड’ याचं ‘त्याने चांगल्यासाठी भारत सोडला’ हे भाषांतर दर दोन-तीन वर्षांनी माझ्याकडे तपासायला येतंच. ‘बाय ऑल मीन्स’ आणि ‘बाय एनी मीन्स’ यांत मुलं ‘सर्व मार्गांनी’ आणि ‘कोणत्याही मार्गाने’ करून मोकळी होतात. दुसरं ठीक आहे, त्याला आपल्याकडे साम-दाम-दंड-भेद आहे. पण ‘बाय ऑल मीन्स’ हे फक्त ‘खुशाल’ आहे. येऊ का आत? खुशाल या. आणि खुशालमध्ये जसा कधीकधी काटा असतो, ‘जायचं तर खुशाल जा’, तो काटाही त्या इंग्रजीत तसाच्या तसा आहे. असा जोडीदार मिळाला की मला दिवसभर बरं वाटतं.

‘शेवटी’ या शब्दाने माझी स्वतःची फजिती केली होती. डेस्कवर येऊन वर्षही झालं नव्हतं. एका संस्थेच्या इंग्रजी स्मरणिकेसाठी संस्थापकांवरचा लेख मी मराठीतून इंग्रजीत केला. मुळात होतं, ‘अखेर पहाटे त्यांची प्राणज्योत मालवली.’ मी लिहिलं, ‘ॲट लास्ट ही पास्ड अवे ॲट डॉन.’ आमच्या वरिष्ठांनी लाल पेनाने ‘ॲट लास्ट’भोवती गोल केला, चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, ‘कंटाळला होतात का त्यांना?’

‘ॲट लास्ट’मध्ये वाट बघणं आहे आणि सुटकेचा निःश्वास आहे. त्याचं मराठी ‘अखेर’ नाही, ‘एकदाचा’ आहे. एकदाचा पाऊस आला. एकदाची परीक्षा संपली. आता त्या वाक्यात घालून बघा: एकदाचे गेले. ‘इन द एन्ड’ म्हणजे सरतेशेवटी, बरंच काही घडून गेल्यावर. त्यात आनंद असेलच असं नाही. ‘ॲट द एन्ड’ला मागे कशाचा तरी आधार लागतो, रस्त्याच्या शेवटी, महिन्याच्या शेवटी. ‘लास्टली’ म्हणजे भाषणातला शेवटचा मुद्दा, ज्यानंतर आणखी चार येतात. आपलं एक ‘शेवटी’ या चौघांचं काम करतं, म्हणून इंग्रजीत जाताना कोणता घ्यायचा ते आपल्याला आतून कळत नाही, थांबून ठरवावं लागतं.

‘प्रश्नच नाही’चंही असंच. हा स्वयंपाक उत्तम झालाय, प्रश्नच नाही. उद्या सुट्टी हवी? प्रश्नच नाही! पहिल्यात खात्री, दुसऱ्यात साफ नकार, आणि आपण आवाजावरून ओळखतो. इंग्रजीने ते काम आवाजावर न सोडता छोट्या शब्दांवर सोपवलं आहे. ‘बियॉन्ड क्वेश्चन’ म्हणजे निःसंशय, ‘आउट ऑफ द क्वेश्चन’ म्हणजे शक्यच नाही. बातमीत सगळ्यात घातक जोडी हीच: ‘देअर इज नो क्वेश्चन ऑफ हिज रिझायनिंग’ आणि ‘देअर इज नो क्वेश्चन दॅट ही विल रिझाइन’. पहिलीत राजीनाम्याचा प्रश्नच उद्भवत नाही. दुसरीत राजीनामा येणार यात शंका नाही. मधे फक्त ‘ऑफ’ आणि ‘दॅट’. रात्री साडेअकराला, पान सोडायला दहा मिनिटं उरलेली असताना, एजन्सीची कॉपी डोळ्यासमोरून पळत असते आणि ‘नो क्वेश्चन’ आणि ‘रिझाइन’ हे दोनच शब्द डोक्यात शिरतात. मी अशी चूक छापण्याआधी पकडली गेलेली पाहिली आहे. छापून आलेलीही.

काही वेळा जोडीतला फरक शब्दात नसतोच, बोलणारा कुठला यात असतो. ‘टेबल अ मोशन’ हे उदाहरण डेस्कवर नव्याने आलेल्या प्रत्येकाला सांगावं लागतं. ब्रिटनमध्ये आणि आपल्या संसदेत ‘टेबल’ करणं म्हणजे सभागृहासमोर ठेवणं. आपण विधिमंडळाच्या बातमीत ‘पटलावर ठेवले’ लिहितो ते हेच. अमेरिकेत ‘टेबल’ करणं म्हणजे तूर्त बाजूला ठेवणं, बासनात गुंडाळणं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश आणि अमेरिकी लष्करी अधिकाऱ्यांचा यावरून मोठा वाद झाल्याचं चर्चिलनेच लिहून ठेवलं आहे. ब्रिटिशांना एक कागद तातडीने चर्चेला घ्यायचा होता म्हणून ते ‘टेबल’ करू म्हणत होते, अमेरिकनांना तो महत्त्वाचा वाटत होता म्हणून ते ‘टेबल’ करायला विरोध करत होते. बराच वेळ भांडल्यावर कळलं की दोघांचं म्हणणं एकच आहे. तेव्हा वॉशिंग्टनची बातमी असेल आणि त्यात ‘टेबल्ड’ असेल, तर ‘मांडला’ लिहिण्याआधी हात आवरा.

‘पास आउट’ला आपण विनाकारण हसतो. खडकवासल्याच्या एनडीएत वर्षातून दोनदा पासिंग आउट परेड होते, आणि तिथला कॅडेट ‘पास आउट’ झाला म्हणणं लष्करी इंग्रजीत अगदी शुद्ध आहे. आपण ते कॉलेजला लावलं आणि मराठीतही ‘दोन हजार बाराचा पासआउट’ म्हणू लागलो. अमेरिकी माणसाला मात्र ‘आय पास्ड आउट इन टू थाउजंड ट्वेल्व्ह’ ऐकून इतकंच कळतं की तुम्ही त्या वर्षी बेशुद्ध पडलात. बायोडेटा तिकडे पाठवायचा असेल तर ‘ग्रॅज्युएटेड’ लिहा. ‘पास अवे’ म्हणजे निधन हे सगळ्यांना माहीत असतं, ‘पास अप’ म्हणजे आलेली संधी सोडून देणं हे फारसं नसतं. त्यात पास होण्यासारखं काहीच नाही.

आणि काही जोड्यांत फरकच नसतो, तिथे उगाच खणत बसू नये. ‘ऑन द कार्ड्स’ आणि ‘इन द कार्ड्स’, ‘टच वुड’ आणि ‘नॉक ऑन वुड’, ‘स्केलेटन इन द कपबोर्ड’ आणि ‘स्केलेटन इन द क्लॉझेट’ (कपाटातला सांगाडा, म्हणजे घरातलं लपवलेलं गुपित): एक ब्रिटिश, एक अमेरिकी, अर्थ तोच. ‘आय कुड नॉट केअर लेस’ आणि ‘आय कुड केअर लेस’ हे तर व्याकरणाने एकमेकांच्या विरुद्ध आहेत, तरी बोलणाऱ्याला दोन्ही वेळा काडीचाही फरक पडत नाही. दुसरं रूप अमेरिकी बोलण्यातलं. तुम्ही लिहिताना पहिलंच वापरा.

मग करायचं काय? मी वही ठेवते, पण दोन रकान्यांची नाही. वाक्प्रचार एकटा कधीच लिहीत नाही. ज्या वाक्यात भेटला ते पूर्ण वाक्य, कोण कोणाला म्हणालं, आणि त्यापुढे माझ्या ओळखीतला एखादा माणूस, जो हे मराठीत असंच म्हणेल. ‘बाय ऑल मीन्स’च्या पुढे माझ्या वहीत आमच्या वाड्यातल्या मालकीणबाई आहेत, ‘खुशाल वापरा हो नळ, पाणी येईल तेव्हा’. दुसरं म्हणजे वाक्प्रचाराच्या पुढे काय येतं ते बघायचं. ‘टर्न अ ब्लाइंड आय टु’च्या पुढे दहातल्या नऊ वेळा काहीतरी गैर असतं, ‘हॅव ॲन आय फॉर’च्या पुढे रंग, बारकावा, सौदा. शेजाऱ्यांवरून माणूस कळतो तसंच हे.

शब्दकोश घ्याल तर शिकणाऱ्यांसाठी केलेला घ्या. ऑक्सफर्डचा जो लर्नर्स शब्दकोश आहे तो ए. एस. हॉर्नबी यांनी मुळात जपानी विद्यार्थ्यांना शिकवताना केला; १९४२ साली तो टोकियोत निघाला आणि १९४८ पासून ऑक्सफर्डने छापला. म्हणजे तो पहिल्यापासून बाहेरून आलेल्यांसाठीच आहे, आणि त्याच्या आजच्या आवृत्त्यांत अर्थाआधी तिरप्या अक्षरांत छोटी खूण असते: नापसंतीदर्शक, अनौपचारिक, जुनाट, ब्रिटिश, अमेरिकी. लोक ती खूण ओलांडून थेट अर्थावर जातात. मी आधी खूण वाचते.

तुमच्या त्या मेलला उत्तर द्यायचं राहिलंच असेल तर लांबण लावू नका, आणि माझं इंग्रजी कच्चं आहे वगैरे तर अजिबात लिहू नका. ‘आय मेन्ट टु से आय हॅड अ वर्ड विथ हिम, ही वॉज व्हेरी हेल्पफुल’, एवढं पुरे. वाटलं तर खाली गमतीने एक ओळ घाला की ‘नो वर्ड्स वेअर एक्सचेंज्ड’. इंग्रजीत ‘एक्सचेंज वर्ड्स’ म्हणजेही बाचाबाचीच, त्यामुळे तो ग्राहक हसेल. पण मॅनेजरसाहेबांना आधी स्वतः फोन करून सांगा, कारण आतापर्यंत कोणीतरी त्यांना केबिनमध्ये बोलावून ‘अ वर्ड’ केलेला असणार.